जो बोंबलेल तो मालक

आमच्या साहेबांना स्वच्छतेचं वेड आहे. माणसाला कसलं ना कसलं वेड असतंच. कुणी जुनी तिकिटं जमवतं, कुणी दुसऱ्यांच्या चुका. पण साहेबांची स्वच्छता नेहमी दुसऱ्याने मेहनतीने मांडून ठेवलेल्या गोष्टींवरच चालते. त्यांच्या स्वतःच्या टेबलावर गेल्या आठवड्याचे चहाचे कप एकमेकांत रोवून उभे असतात, आणि त्या मनोऱ्याआडून ते आम्हाला सांगतात, "मला सगळं चकाचक हवंय." म्हणून मी त्यांचं नाव चकाचक ठेवलं. ते इतकं चिकटलं की आता लिफ्टवालासुद्धा विचारतो, "मॅडम, आज चकाचक आलेत का?"

मी या इस्पितळात नेटवर्क आणि सर्व्हर सांभाळते. म्हणजे नेमकं काय करते, ते माझ्या घरात कुणालाही कळलेलं नाही. आईच्या मते मी कंप्युटर दुरुस्त करते, आणि धाकट्या बहिणीच्या मते मी लोकांना वायफायचा पासवर्ड देते. खरं काम साधं आहे. इस्पितळात जिथे जिथे एक यंत्र दुसऱ्या यंत्राशी बोलतं, तिथे ते बोलणं तुटू नये एवढं बघायचं. ते नीट चाललं तर मी आहे की मेले हेही कुणाला कळत नाही, आणि बिघडलं की सगळ्या मजल्यांना माझा नंबर तोंडपाठ असतो.

ही धाकटी गेली काही वर्षं आमच्याच इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर खेटे घालते आहे. मूल होत नाही म्हणून. इंजेक्शनं झाली, ऑपरेशन झालं, दोनदा आशा लागली आणि दोनदा तुटली. तिच्या सासूबाई दर वेळी "काही हरकत नाही हो" असं अशा आवाजात म्हणतात की त्यापेक्षा शिव्या दिलेल्या परवडल्या. आता तिचे दोनच भ्रूण उरलेत. ते तिसऱ्या मजल्यावरच्या टाकीत, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेले आहेत. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय की यापुढे नवीन तयार होणार नाहीत, हे शेवटचे. धाकटी त्यांना "आमची दोघं" म्हणते, आणि तिने तसं म्हटलं की मी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जाते. माझ्या डोळ्यांना धीर नाही.

तर चकाचक. कुठल्याशा शिबिरातून ते एक नवी विद्या शिकून आले. बैठकीत त्यांनी पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: बोंब चाचणी.

ही विद्या नवी नाही. आमच्या धंद्यात ती आधीपासून आहे, आणि आम्ही ती थोडं लाजतच सांगतो. एखादं यंत्र चालू आहे, पण ते कुणाचं, कशासाठी, कुणालाच माहीत नाही. सगळीकडे विचारून झालं, कागद धुंडाळून झाले, केबलीचं दुसरं टोक शोधून झालं, तरी पत्ता लागत नाही. तेव्हा अगदी शेवटी त्याची वायर काढायची आणि वाट बघायची. ज्याचं काम अडेल तो बोंब मारत येईल. तोच मालक. कुणी आलंच नाही तर यंत्र भंगारात. यातला "अगदी शेवटी" हा भाग साहेबांच्या शिबिरात बहुतेक जेवणाच्या सुट्टीत शिकवला असावा. कारण साहेबांनी सुरुवातच तिथून केली.

"ज्या यंत्रावर मालकाची चिठ्ठी नाही, त्याची वायर काढायची," ते म्हणाले.

"हो साहेब," माझा सहकारी म्हणाला. तो दुसरं काही म्हणत नाही. त्याला सगळे होयबाच म्हणतात, आणि त्याने त्यालाही हो म्हटलंय.

मी म्हटलं, "साहेब, आधी ते यंत्र कुणाशी बोलतंय ते तरी बघू. नेटवर्कच्या स्विचवर दिसतं सगळं. अर्धा दिवस द्या मला."

"मॅडम," साहेब हसून म्हणाले, "तुम्ही बोंब मारताय का? मग लिहू का तुमचं नाव मालक म्हणून?"

सगळे हसले. मी गप्प बसले. का, ते समजायला आमच्याकडचा नियम माहीत असायला हवा. जो बोंबलेल तो मालक. हा नियमही चकाचकांचाच. मागच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या तंत्रज्ञाने नुसतं कळवलं होतं की बाहेरचा प्रिंटर कागद खातोय. संध्याकाळपर्यंत तो प्रिंटर त्याच्या नावावर चढला. त्याची शाई, त्याचा कागद, त्याची देखभाल, त्याचे नखरे, सगळं त्याच्या गळ्यात. तेव्हापासून अख्ख्या इस्पितळाने धडा घेतला. नळ गळो, दिवा जावो, यंत्र धूर सोडो, कुणी तोंड उघडत नाही. साहेबांच्या अहवालात तक्रारी शून्यावर आल्या आणि त्याबद्दल वरून त्यांचं कौतुक झालं. तोंडं शिवून टाकलेल्या माणसांना बोंब मारायला लावून हे यंत्रांचे मालक शोधणार होते. उंटावरचा शहाणा म्हणतात तो याहून वेगळा नसावा.

मलाही कुठलं भंगार गळ्यात नको होतं, म्हणून मी गप्प बसले. तेव्हा मला त्यात फार शहाणपण वाटलं होतं.

मंगळवारी सकाळी साहेब सर्व्हरच्या खोलीत आले. त्या खोलीत थंडी असते म्हणून त्यांनी मफलर गुंडाळला होता. अगदी तळाच्या फळीवर एक काळं, धुळकट, डब्यासारखं यंत्र होतं. चिठ्ठी नाही, नाव नाही. पुढच्या बाजूचा एक बारीक दिवा अधूनमधून लुकलुकायचा, तेवढीच त्याची हालचाल.

"हे काय करतं?" साहेबांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "म्हणून तर म्हणत होते..."

"काहीच करत नाही. बघा, दिवासुद्धा दमून लागतोय." होयबाला त्यांनी फोटो काढायला लावला आणि लग्नात अक्षता टाकताना करतो तसा चेहरा करून वायर ओढली. दिवा विझला. साहेबांनी कानामागे हात लावून ऐकल्याचं नाटक केलं. "ऐकू येतेय का कुणाला बोंब?"

"नाही साहेब," होयबा म्हणाला. नाही म्हणताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

पुढे पंधराएक दिवस कुणी आलं नाही. साहेबांनी त्या डब्यावर स्वतःच्या हाताने "मालक नाही" अशी गोल चिठ्ठी चिकटवली आणि त्याला जिन्याखाली, मोडक्या चाकाच्या खुर्च्यांशेजारी ठेवायला लावलं. भंगारवाला शनिवारी येतो. अहवालात त्यांनी लिहिलं, "एकही बोंब नाही."

गुरुवारी धाकटीचे भ्रूण तिच्या गर्भाशयात सोडायचे होते. त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, तिला शेवटच्या तपासणीला बोलावलं होतं. अकराच्या सुमारास मी चहा घेत होते आणि तिचा फोन आला. डॉक्टरीणबाई ऑपरेशनमध्ये अडकल्या होत्या, ती बाहेर बाकावर बसून कंटाळली होती, आणि कंटाळली की ती मला छळते.

"ताई, तुमच्या इस्पितळातली घड्याळं तरी नीट लावा गं. एवढा पगार घेता."

"कुठलं घड्याळ?"

"इथं काचेतून टाकीची खोली दिसते ना, तिथे भिंतीवर स्क्रीन आहे. त्यावर मंगळवारच चाललाय अजून. अकरा वाजून सात मिनिटं. मघापासून बघतेय, मिनिट काही हलत नाही. म्हटलं, माझा वेळ जात नाही ते ठीक, यांच्या घड्याळाचाही जात नाही?" आणि ती हसली.

"तारीख काय आहे त्यावर?"

तिने वाचून दाखवली. माझ्या हातातला कप मी कुठे ठेवला ते मला अजून आठवत नाही. होयबाने काढलेल्या फोटोत तीच तारीख होती आणि तीच वेळ. त्या क्षणी साहेबांनी वायर ओढली होती.

लिफ्टची वाट न बघता मी जिन्याने पळाले. पळता पळता सगळं एकेक करून जुळत गेलं. तो डबा टाकीतला नायट्रोजन किती उरलाय ते बघायचा आणि भिंतीवरच्या स्क्रीनला कळवायचा. पातळी खाली गेली की भोंगा वाजवायचा, डॉक्टरांच्या फोनवर निरोप धाडायचा. थोडक्यात, बोंब मारणं हेच त्याचं काम होतं. आणि आमच्या शहाण्यांनी, बोंब मारणाऱ्याचंच तोंड दाबून, बोंब कुणी मारतंय का ते ऐकलं. स्क्रीनला नवा आकडा पाठवणारं कुणी उरलं नाही, म्हणून ती बिचारी जुनाच आकडा दाखवत उभी होती. टाकी त्या सोमवारीच भरलेली होती. म्हणजे आकडा छान होता. छान आणि हिरवा. नायट्रोजन मात्र कुणाची वाट बघत नाही, तो उडून जातो.

तिसऱ्या मजल्यावर टाकीच्या खोलीत तो तंत्रज्ञ बसला होता. प्रिंटरवाला. त्या प्रकरणानंतर तो कशावरच काही बोलत नाही, म्हणून परिचारिका त्याला अळीमिळी म्हणतात. अळीमिळी गुपचिळी.

"टाकी उघडा," मी धापा टाकत म्हटलं. "पट्टी घालून बघा किती उरलंय."

"मॅडम, भरपूर आहे. स्क्रीनवर बघा ना."

"ती स्क्रीन मेलेली आहे."

"हिरवी आहे की."

"घड्याळ बघा तिच्यावरचं."

त्याने बघितलं नाही. तो माझ्या चपलांकडे बघत राहिला, आणि मला कळलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"घड्याळ बंद पडलंय एवढंच माहीत होतं," तो म्हणाला. "आकडा बंद पडलाय असं कुणी मला सांगितलं नाही."

"मग कळवलं का नाही हो?"

"प्रिंटरचं कळवलं होतं मॅडम." त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "तो अजून माझ्या नावावर आहे. शाई संपली की लोक मला घरी फोन करतात. बायको विचारते, ही कोण रोज तुमच्याकडे शाई मागते. आता घड्याळही माझ्याच गळ्यात आलं असतं. भिंतीवरचं घड्याळ मी कुठून दुरुस्त करू?"

मला त्याची कीव यायला हवी होती. मला त्याला त्याच्याच प्रिंटरमधून काढावंसं वाटलं. या खोलीत किती घरांच्या आशा बरण्यांसारख्या रांगेत ठेवल्या होत्या, आणि त्यांचा राखणदार घड्याळ गळ्यात पडेल म्हणून गप्प होता.

"आता उघडा. लगेच."

"डॉक्टरांच्या परवानगीशिवाय झाकण काढायचं नाही असा नियम आहे. त्या ऑपरेशनमध्ये आहेत. आणि तुमच्या साहेबांचा मेल आहे सगळ्यांना. सगळं सुरळीत चाललंय म्हणून."

मी साहेबांना फोन लावला. मागे कुणीतरी बिस्किटांचा पुडा फोडत होतं.

"साहेब, तो काळा डबा टाकीचा होता. आयव्हीएफची टाकी. स्क्रीन पंधरा दिवसांपासून बंद आहे. तंत्रज्ञाला सांगा झाकण उघडायला."

"मॅडम, शांत व्हा. असं तोंडी चालत नाही. रीतसर अर्ज टाका, सोमवारी बदल समितीची बैठक आहे, तिच्यात घेऊ."

"सोमवारपर्यंत आत काही उरणार नाही!"

"हे तुमचं मत झालं. आकडा काय म्हणतो? आकडा हिरवा आहे ना? मग?" आणि फोन ठेवला.

काचेपलीकडे धाकटी बाकावरून उठली होती. मी तिला वायफायवाली म्हणून ठाऊक, धावणारी म्हणून नाही. तिने हातानेच विचारलं, काय झालं? तिच्या मांडीवर फाइल होती, ती खाली पडली, आणि ती उचलायला ती वाकली नाही. मला भीती वाटत होती. रागाच्या वेळी मला शब्द सुचतात, भीतीच्या वेळी एकही सुचेना.

मग मी बोंब मारली.

खरीखुरी. बेंबीच्या देठापासून. इतकी वर्षं या इमारतीत मी आवाज चढवला नव्हता, तो सगळा शिल्लक होता. तिसरा मजला हादरला. वॉर्डातून परिचारिका धावत आल्या, कुणाच्या तरी हातातला ट्रे खणखणत पडला, बाकावरची माणसं उभी राहिली. मी थांबले नाही. श्वास घेतला आणि पुन्हा ओरडले. "टाकी उघडा! कुणीतरी टाकी उघडा!"

"ताई, अगं लोक बघतायत," दारातून धाकटी म्हणाली, रडवेली होऊन.

"बघू देत!"

ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडून डॉक्टरीणबाई आल्या, तोंडावर मास्क, हात वर धरलेले. "कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," मी म्हटलं. "स्क्रीन बंद आहे. टाकी बघा."

त्यांनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा मनगटाकडे, तिथे घड्याळ नव्हतं, आणि मग अळीमिळीकडे. त्या नजरेनेच तो उठला. झाकण निघालं, पांढरी वाफ काठावरून सांडली. त्याने लांब पट्टी तळापर्यंत घातली, थोडं थांबला, बाहेर काढून हवेत हलवली. पट्टी जिथपर्यंत द्रवात बुडते तिथपर्यंत तिच्यावर पांढरं हिव धरतं. आम्ही सगळे बघत होतो. हिव पट्टीच्या अगदी बुडाशी धरलं. जेमतेम चार बोटं.

डॉक्टरीणबाईंनी स्वतः नायट्रोजनचं राखीव पिंप ढकलत आणलं. टाकी भरताना त्या एवढंच म्हणाल्या, "खालचा थर बुडालेला होता, आणि वरच्यांना वाफेची थंडी पुरली. वाचलेत. पण अजून एक दिवस..." आणि त्यांनी वाक्य तसंच सोडलं. धाकटीने माझा हात धरला. ती समजून चुकली होती. तिने नखं इतकी रुतवली होती की वळ संध्याकाळपर्यंत राहिले.

मी जिन्याखालून तो डबा स्वतः उचलून आणला. चिठ्ठी ओरबाडून काढली. तळाच्या फळीवर ठेवला, वायर जोडली. समिती, अर्ज, सोमवार, सगळं खड्ड्यात गेलं. डबा घुरघुरला, मरणाचा वेळ लावून उठला, आणि वर तिसऱ्या मजल्यावरचं घड्याळ मंगळवारातून उडी मारून बुधवारात आलं.

गुरुवारी सकाळी धाकटीला आत नेलं. त्याच दुपारी बैठक होती. मला वाटलं होतं, चकाचक निदान खाली मान घालून बसतील. माझाही भाबडेपणा जात नाही.

"अभिनंदन," ते म्हणाले. "आपली चाचणी यशस्वी झाली. हेतूच हा होता. बोंब झाली, मालक सापडला."

चोराच्या उलट्या बोंबा हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. वातानुकूलित खोलीत, पडद्यावर आलेख दाखवत मारलेल्या मी प्रथमच पाहिल्या. होयबाने टाळ्या वाजवल्या. अळीमिळीलाही बोलावलं होतं, तो टेबलाकडे बघत होता.

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही ज्याची वायर काढलीत ते या इस्पितळातलं एकमेव प्रामाणिक यंत्र होतं. बिघडलं की ओरडायचं, एवढंच त्याला येत होतं. आपल्याकडे आता माणसालाही तेवढं येत नाही. ते तुमच्या नियमाने घालवलं."

साहेबांचं हसू थोडं वाकडं झालं, पण पडलं नाही. अशा माणसांचं हसू चांगल्या गोंदाने चिकटवलेलं असतं.

"भावनेच्या भरात बोलताय," ते म्हणाले. "पण नियम तो नियम. बोंब तुम्ही मारलीत. यंत्र तुमच्या नावावर." आणि त्यांनी कोरी चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. प्रत्येक यंत्रावर लावतात ती. मालकाचं पद, आणि काम.

त्यांना वाटलं, मी कटकट करीन. मी पेन घेतलं. कामापुढे लिहिलं, बोंब मारणे. पदापुढे लिहिलं, मावशी.

साहेबांनी चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. "हे पद आपल्याकडे कधीपासून आहे?"

"अजून रुजू व्हायचंय," मी म्हटलं. "डॉक्टरीणबाई पंधरा दिवसांनी सांगणार आहेत."

मग मी खाली गेले आणि चिठ्ठी डब्यावर लावली.